सरस असून मागें पडलेलें मराठी अक्षर

जो माल सरस तोच बाजारांत शेवटीं टिकतो, अशी आपणां शेतकऱ्यांची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाहीं, हें आम्हांस महसुली कचेरींत मराठी टंकलेखन करतांना कळून आलें. ज्या संस्थांचीं दप्तरें आज संगणकांत आहेत, त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून ती हकीकत येथें देतों.

इ. स. १९९० च्या सुमारास संगणकावर मराठी लिहिणें ही खास विद्या होती. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें निघालेलें व पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलेलें ‘जिस्ट’ तंत्र त्यांत अग्रेसर. पुढें खासगी कंपन्यांचींही सॉफ्टवेअरें आलीं. त्यांचें काम खरोखर वाखाणण्याजोगें होतें. जोडाक्षरें सुबक, रेफ व वेलांटी जागच्या जागीं, फाँटांचे नाना नमुने, शिवाय जुन्या टंकयंत्रावर हात बसलेल्या कारकुनास ओळखीचा कळफलक. किंमत मात्र हजारांच्या घरांत. आणि बहुधा एकाच यंत्रापुरती परवानगी. कित्येकांस तर यंत्राच्या मागें एक लहानसें कुलूप जोडावें लागे. तें हरवलें कीं विकत घेतलेलें मराठी बंद!

तथापि किंमत हें अर्धेंच कारण होय. पूर्वीं ज्याप्रमाणें दर बाजाराची पायली निराळी असे, त्याप्रमाणें दर कंपनीनें मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या क्रमानें बसविलीं होतीं. तोच फाँट दुसऱ्या यंत्रावर नसेल तर मजकूर वाचतां येत नसे. एकदां आम्ही एका संस्थेस बाकीदारांची यादी फ्लॉपीवर दिली. दुसऱ्या दिवशीं चिटणीस परत हजर. “भाऊसाहेब, यादी इंग्रजींत कां दिलीत?” यादी मराठींतच होती, त्यांच्या यंत्रास ती कळत नव्हती, इतकेंच. बिचाऱ्यांनीं सारीं नांवें हातानें उतरून नेलीं.

युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली. युनिकोडमध्यें घेतलेल्या प्रत्येक अक्षरास एक कायम क्रमांक असतो. ‘क’ चा क्रमांक २३२५, मग यंत्र पुण्याचें असो वा परदेशचें. विंडोज २००० बरोबर देवनागरीची सोय वेगळे पैसे न मोजतां मिळूं लागली. तींतील ‘मंगल’ फाँटाचें वळण पाहून जुने टंकलेखक नाक मुरडीत, व त्यांचें चुकत होतें असें आम्हांस आजही वाटत नाहीं. पण तें ओबडधोबड पत्र ज्याला पाठवावें त्याला वाचतां येई. यादींतलें नांव शोधतां येई, तिचा अकारविल्हे क्रम लावतां येई. पुढें मोबाईल आला, आणि त्यांत हें अक्षर घरांतूनच बसून आलें. मग कुलूपवाल्या मराठीस कोण विचारतो? आतां तर मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळीचा ‘मुक्ता’ यासारखे देखणे फाँटही विनामूल्य मिळतात.

छापखान्यांत मात्र खास प्रणालींचा मान बराच काळ टिकला. कारण उघड आहे. तेथें माल कागदावर बाहेर पडतो. पोटांतला क्रमांक वाचकास दिसतच नाहीं.

अडचण आहे ती सहकारी संस्थांची. ज्यांचीं सभासद-यादी, इतिवृत्तें किंवा पाणीपट्टीचे हिशेब जुन्या फाँटांत असतील, त्यांनीं जुनें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं तो मजकूर युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा. त्यासाठीं रूपांतर करणारीं साधनें आहेत. परंतु रेफ, ऱ्हस्व-दीर्घ व जोडाक्षरें यांत तीं केव्हां केव्हां घोटाळा करतात. तेव्हां प्रत्येक नांव व गट नंबर मूळ कागदाशीं ताडून पाहिल्यावांचून कागद फाडूं नये.

आमच्याच गांवच्या संस्थेचीं १९९८ ते २००६ चीं इतिवृत्तें अशा एका यंत्रांत पडून आहेत. यंत्र चालतें, कुलूप सांपडत नाहीं.