उपनगरात धर्म मोजला, जात राहिली

२०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या साडेत्र्याण्णव लाखांच्या घरात भरली. धर्म सगळ्यांचा विचारला, जात मात्र फक्त अनुसूचित जाती-जमातींची नोंदली. घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीतलं कुटुंब धर्म ‘बौद्ध’ आणि जात ‘महार’ सांगतं, तेव्हा ते दोन्ही तक्त्यांत येतं. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींत स्थान मिळालं ते १९९० साली. दलित ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. आरेच्या पाड्यांवरच्या वारल्यांना ही धर्माची अट नाही, कारण ते जमातीत मोडतात. बोरिवलीचा मराठा, मुलुंडचा लोहाणा? त्यांची जात कोऱ्या रकान्यात गेली. सर्व जातींचे प्रसिद्ध झालेले शेवटचे पूर्ण आकडे १९३१ चे! म्हणून निवडणुकीत फिरणाऱ्या जातनिहाय टक्केवारीवर विसंबू नये. पुढच्या जनगणनेत जातही मोजायचं केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी ठरवलं आहे.