पाकीट बोलतं, तेव्हा माल चालतो

उन्हाळा आला की आपल्या संग्रामपूर तालुक्यात घरोघरी पापड, कुरडया, शेवया वाळत पडतात. करणारीच्या हाताची चव गावाला ठाऊक असते, म्हणून गावात सुटा मालही विकला जातो. पण तोच माल शेगाव-खामगावच्या दुकानात गेला की तिथं आपल्याला ओळखणारं कोणी नसतं. आपल्या वतीनं बोलायला फक्त पाकीट असतं.

पाकिटाचं पहिलं काम राखणीचं. पावसाळी हवेनं पापड सादळतो, उन्हानं तिखटाचा रंग उडतो, एसटीच्या हादऱ्यानं कुरडईचा चुरा होतो. म्हणून पापडाला जाड, हवाबंद पिशवी हवी. तिखट उन्हात मांडू नये. कुरडया खोक्यात भराव्यात. शिवण पक्की आहे का, हे पाहणं सोपं आहे. बंद पाकीट पाण्यात बुडवून हलकं दाबा. बुडबुडे आले तर हवा आत जाते आहे. खाण्याचा माल वर्तमानपत्राच्या कागदात मात्र बांधू नका. त्याची शाई अन्नाला लागते आणि ती पोटाला घातक असते.

दुसरं काम ओळख देण्याचं. पाकिटावर पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलंय, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापरायची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, गटाचं नाव, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर लिहावा. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका लागतो. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही हवा. निव्वळ वजन म्हणजे पिशवी सोडून आतल्या मालाचं वजन, हे विसरू नका.

बॅच नंबरही टाका. एखाद्या पाकिटाची तक्रार आली, तर त्या दिवशीचा माल तेवढा परत मागवता येतो. नाहीतर एका घाण्यापायी साऱ्या गटाचं नाव जातं.

हे नाव किती मोलाचं असतं, ते लिज्जत पापडाकडे पाहून कळतं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज त्या संस्थेत हजारो बहिणी आहेत. पीठ शाखेतून मिळतं, पापड घरी लाटले जातात, पण तपासून पाकिटात भरायचं काम शाखेत होतं. कोणता पापड कोणी लाटला, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ते पाकिटावर विश्वास ठेवतं, कारण दर वेळी आतला माल सारखाच निघतो.

आता खर्चाचं बघू. समजा, २०० ग्रॅमच्या एका पाकिटाला पिशवी आणि लेबल धरून ४ रुपये लागले. एका किलोची पाच पाकिटं होतात, म्हणजे किलोमागं २० रुपये झाले. हे किमतीत धरले नाहीत, तर ते आपल्या मजुरीतून जातात. म्हणून दुकानासाठी लहान पाकीट करावं आणि घरी नेणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला किलोची साधी पिशवी द्यावी. दुकानदाराला पाकिटं मोजून खोक्यात दिली, तर त्याचा हिशेब सोपा होतो आणि वाटेत नुकसानही कमी होतं.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत आपलंच एक पाकीट मधोमध ठेवा. जिनं ते कधी पाहिलं नाही अशा बाईला वाचायला सांगा. काय आहे, किती आहे, कधीचं आहे, कोणी केलंय, एवढं तिला न विचारता कळलं पाहिजे. जे कळणार नाही, ते लेबलावर वाढवा. नोंदणीची माहिती आपल्या तालुक्याच्या उमेद अभियानाच्या कक्षात विचारा. माल तर आपण चांगला करतोच. आता तो चांगला आहे हे पाकिटालाही सांगता आलं पाहिजे.