ताडकुळातील झाडे : शोध आणि जोपासना



कामगार चळवळीतील माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो मजुरी, महागाई आणि किमान वेतन यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती समजूत चुकीची नाही. वर्षाचे बारा महिने आम्ही त्याच विषयांवर बोलतो. आज मात्र आम्ही झाडांवर बोलणार आहोत, आणि तेही एकाच कुळातील झाडांवर. हे विषयांतर आहे असे आम्हाला वाटत नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. सुटी मिळवून देण्याचे काम चळवळीचे. पण त्या सुटीत काय करावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. फावला वेळ असणे ही श्रीमंतांचीच मिरास नव्हे, तशी बागेची हौस हीही नव्हे. ताडकुळातील झाडे लावणे ही हौस तर अशी आहे की, तिला पैसा थोडा लागतो, जागा बेताची लागते. लागतात ती फक्त वर्षे.

आमचे शालेय शिक्षण थोडके. या विषयातले जे काही आम्हास कळते ते वाचनालयांतून आणि नाल्यांच्या काठांवरून गोळा केलेले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी हिंदुस्थान व सिलोन येथील ताडवृक्षांवर १९२६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशातून आलेल्या त्या विद्वानाने आमच्या शिंदीकडे इतक्या आस्थेने पाहावे, आणि आम्ही तिच्या सावलीत वाढूनही तिच्याकडे कधी मान वर करून पाहू नये, याचे आम्हास फार नवल वाटले.

ताडकुळात जगभर सुमारे २,६०० जाती आहेत. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या झाडांना वनस्पतींतील राजे म्हटले, आणि युरोपातील धनिकांनी त्यांना खरोखरच राजासारखे वागविले. लंडनजवळच्या क्यू येथे १८४४ ते १८४८ या काळात केवळ या झाडांसाठी लोखंड आणि काचेचे प्रचंड घर बांधण्यात आले. ते कोळसा जाळून ऊबदार ठेवीत. आमच्याकडे बंगल्याच्या फाटकापासून पायरीपर्यंत दुतर्फा ज्याची रांग लावतात आणि ज्याला सरसकट ‘बॉटल पाम’ म्हणतात, तो रॉयल पाम क्यूबातला. पण क्यूबात हे झाड शेतकऱ्याचे! त्याच्या खोडाच्या फळ्या आणि पानांचे छप्पर यांतून तेथील गरिबाची झोपडी उभी राहते, आणि त्या देशाच्या राजचिन्हातही हेच झाड आहे. झाडाला गरीब-श्रीमंत माहीत नसते. तो भेद आपण करतो.

या झाडांची घडण

जोपासना करावयाची तर आधी झाडाचा स्वभाव जाणला पाहिजे. आंबा किंवा कडुनिंब शेंड्याला तोडला तरी बाजूने फुटतो. ताड, शिंदी, नारळ यांचे तसे नाही. त्यांच्या माथ्यावर एकच कोंब असतो. तो मेला की सगळे झाड मेले. दुसरे असे की, आंब्याचे खोड दरवर्षी जाड होत जाते, साल भरून येते, जखम बुजते. ताडकुळाच्या खोडाला ही सोय नाही. एकदा पडलेली खाच जन्मभर राहते. शिंदीचा रस काढणारे दरवर्षी माथ्याजवळ खोडावर एक खाच घेतात, एका वर्षी या बाजूला तर पुढल्या वर्षी त्या बाजूला. त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते, आणि खाचा मोजल्या तर ती किती वर्षे राबली हे सांगता येते. आम्हास ती मजुराच्या हजेरीपटासारखी वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे झाड आधी रुंद होते आणि मग उंच होते. रोप लावल्यावर कित्येक वर्षे खोड दिसतच नाही. जमिनीलगत ते आपल्या पुऱ्या जाडीचा पाया भरीत असते. ‘झाड वाढतच नाही’ म्हणून लोक याच काळात ते उपटून टाकतात. पाया भरण्याचा काळ बाहेरून रिकामाच दिसतो, हे संघटनेच्या कामात मुरलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

शोध कोठे करावा

आंधळगाव हे विणकरांचे, कोशाच्या कापडाचे गाव. आणि आपला भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा. तलावाची पाळ, बोडीचा काठ, नाल्याची कड, धुऱ्याचा ओलसर कोपरा, या शिंदीच्या जागा. वर्धा जिल्ह्यातील सिंदी, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही ही नावे ऐकली की हेच झाड डोळ्यांपुढे येते. घरातली केरसुणी तिच्याच पानांची, चटईही तिचीच. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यात तिच्या नीरेपासून गूळ करण्याचा उद्योग होता, आणि वर्धा-सेवाग्राम भागात गजानन नाईक यांनी त्यात पुष्कळ काम केले. अशा या उपयोगी झाडाला आज आपण झुडूप समजतो. नाला रुंद करताना, पाळ दुरुस्त करताना पहिली कुऱ्हाड किंवा यंत्राचा पहिला घाव तिच्यावर पडतो.

ओळख पटविण्यास विणकराला सोपी खूण सांगतो, कारण त्याला घडी कळते. शिंदीच्या पानाची पाती उभी दुमडलेली असते ती वरच्या अंगाला उघडी, पन्हळीसारखी; तिच्यात पाणी साठेल अशी. नारळाची पाती दुमडते ती खालच्या अंगाला, घराच्या आढ्यासारखी. शिवाय शिंदीच्या देठालगतच्या पात्यांचे लांब, टणक काटे झालेले असतात. ताडाचे पान पंख्याचे. सुरमाडाची पाती माशाच्या शेपटासारखी, तिरपी फाटलेली. हे झाड आपल्याला गडचिरोलीकडच्या जंगलात भेटते. तिकडचे माडिया लोक त्याला गोरगा म्हणतात, बस्तरात सल्फी म्हणतात, आणि तेथे असे झाड म्हणजे घरची मालमत्ता. सुरमाडाची रीत न्यारी आहे. पुरी वाढ झाली की पहिला फुलोरा माथ्याशी येतो, नंतरचे क्रमाने खाली खाली येत जातात, आणि शेवटच्या घोसाची फळे पिकली की झाड मरते.

शिंदी आणि ताड यांत नर-मादी झाडे वेगळी असतात. फळ मादीलाच येते आणि तेही जवळपास नर असेल तर. रोपावरून नर की मादी हे ओळखता येत नाही. फुलोरा येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून एकच रोप लावून भागत नाही. पाच-सहा लावावीत, आणि बीही एकाच झाडाचे न घेता दोन-तीन झाडांचे घ्यावे.

बी आणि रोप

या कुळाची बहुतेक झाडे फांदी खोचून येत नाहीत. काही जातींना बुडाशी पिले फुटतात. बाकीच्यांचा जन्म बीपासूनच. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडाशी शिंदीचे घोस नारिंगी-पिवळे होऊन फळे गळू लागली की, झाडाच्या मालकाला विचारून ती वेचावी. गर धुऊन काढावा. बी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून पाणी रोज बदलावे. तरंगणारे बी बहुधा पोकळ निघते, ते टाकून द्यावे. सुरमाडाचे फळ मात्र उघड्या हातांनी चोळू नये. त्याच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि हाताला भयंकर खाज सुटते.

ज्याला लगेच आरंभ करावयाचा आहे त्याने बाजारातून खजूर आणावा, खजूर खावा आणि बी पेरावी. ती सहज उगवते. आपल्या पावसात त्याची फळे नीट पिकण्याचा भरवसा नाही, पण झाड डौलदार होते आणि शिकाऊ हाताला सराव मिळतो.

पेरणीला डबा किंवा पिशवी रुंदीपेक्षा खोल हवी, आणि बुडाला भोके हवीत. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. बी बोटाच्या एका पेराइतके खोल पेरून माती ओलसर ठेवावी. चिखल करू नये. शिंदी-खजूर यांस उगवण्यास एक ते तीन महिने लागतात, काही जातींस याहूनही जास्त. या बीचा कोंब सरळ वर येत नाही. बीमधून एक देठ निघून आधी खाली जातो आणि त्याच्या टोकाशी मूळ व कोंब धरतात. ताडाचा देठ तर जमिनीत फारच खोल उतरतो. म्हणून ताड डब्यात पेरू नये, जेथे कायमचा हवा तेथेच पेरावा. शिंदीचे पहिले पान हुबेहूब गवताच्या पात्यासारखे असते. निंदणी करताना ते गवत म्हणून उपटले जाते, तेव्हा घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे, किंवा शेजारी काडी रोवावी.

जोपासना

रोप दोन-तीन वर्षांचे झाले की मृगाच्या पावसानंतर, मुळांभोवतीची माती न फोडता, जमिनीत लावावे. कोंब मातीखाली दाबला जाता कामा नये. आपल्याकडे पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो; खरी परीक्षा एप्रिल-मेच्या झळांची. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावे, आळ्यात तणस पसरावी, मात्र ती बुंध्याला चिकटू देऊ नये; वाळवी लागते. हिरवी पाने तोडू नयेत. झाड जुन्या पानांतला अंश काढून नव्या पानांना देत असते, तेव्हा पान पुरते वाळेपर्यंत थांबावे.

शत्रू मुख्यतः दोन. गेंड्या भुंगा कोवळ्या कोंबात शिरतो, आणि मग उमललेल्या पानावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. तो शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, म्हणून उघडा उकिरडा या झाडांजवळ नको. दुसरा सोंड्या भुंगा. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, आणि त्याला वाट मिळते ती बहुधा जखमेतून. खोडाला खिळा ठोकू नये, तार आवळू नये, असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठीच.

शिंदी काटेरी आहे. तिला मुलांच्या वाटेपासून आणि विजेच्या तारांपासून दूर जागा द्यावी. ज्यांचे अंगण मागाच्या खोलीएवढेच आहे त्यांनी कुंडीतला रॅपिस किंवा अरेका पाम सावलीत ठेवावा. नारळ आपल्याकडे पाण्यावर जगतो, पण कोकणासारखा फळत नाही. सुपारीला तर आपले ऊन सोसत नाही. तिचे खोड भाजते.

ही हौस कशासाठी

कोणी म्हणेल, झाडे काय, सरकारी बागांत आहेतच. त्यांच्यासाठी मॉरिशसची हकीकत सांगतो. एकोणिसाव्या शतकात जेथे आपली मराठी माणसे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेली, तेच हे बेट. त्याच्या उत्तरेला राउंड आयलंड नावाचा ओसाड खडक आहे. बुटके, बुडाशी बाटलीसारखे फुगलेले खरे बॉटल पाम मूळचे तेथले. माणसांनी तेथे शेळ्या आणि ससे सोडले, त्यांनी कोवळी रोपे खाल्ली, आणि विसाव्या शतकात रानातली मोठी झाडे अगदी मोजकी उरली. तरीही जात बुडाली नाही. कारण तोवर देशोदेशींच्या बागांतून लोकांनी ती बीपासून वाढविली होती. याच्या उलट त्याच कुळातील दुसऱ्या एका जातीचे जगात एकच झाड माहीत आहे. ते मॉरिशसमधील क्युरपिपच्या वनस्पती-उद्यानात आहे. त्याला कुंपण आहे, पहारा आहे, शास्त्रज्ञांची देखरेख आहे; पण त्याची बी रुजवून रोप वाढविण्याचे प्रयत्न फसत आले. एकाला हजारो हौशी हातांनी वाचविले. दुसऱ्याकडे हात वळले तेव्हा फार उशीर झाला होता.

१९५६ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे डेंट स्मिथ या गृहस्थाने ताडवृक्षांच्या हौशी लोकांची एक संस्था काढली. तो शास्त्रज्ञ नव्हता. एकमेकांना बी द्यावयाचे आणि अनुभव लिहून कळवावयाचे, एवढ्यावर ती संस्था वाढली आणि देशोदेशी पसरली. यात आम्हास काही परके वाटले नाही. आपल्या बाया भोपळ्याचे आणि वालाचे बी अशाच वाटून घेतात.

शिंदी अजून मोजकी उरलेली नाही, आणि म्हणूनच हे आज सांगावयाचे. आंधळगावच्या आणि आसपासच्या श्रोत्यांना आमची विनंती एवढीच आहे. या मे महिन्याच्या अखेरीस एका रविवारी नाल्याच्या काठाने एक फेरी मारा. फळलेल्या शिंदी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. प्रत्येकाने पाच बिया पेराव्या. रोपे मोठी झाली की दोन आपल्या वाडीत लावावी आणि तीन ग्रामपंचायतीला विचारून बोडीच्या पाळीवर लावावी. पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखविण्यासारखे काही दिसणार नाही, तेव्हा शेजारी हसतील. त्यांनाही पाच बिया द्याव्या.