सातातली एक चिठ्ठी खोटी!

संध्याकाळी जुन्या झाडाच्या ढोलीतून वाटोळे डोळे वटारत एक ठेंगणं घुबड बाहेर येतं ना, तो पिंगळा. त्याचाच एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. हे महाशय भर दिवसा उजेडात फांदीवर बसतात, तरी पक्षीतज्ज्ञांना ते तब्बल ११३ वर्षं सापडले नाहीत. का? त्यात एका चिठ्ठीचाही हात होता.

१८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. (हो, हो, काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटतात तेच! पक्ष्यांचं त्यांना भारी वेड.) त्या काळी पक्षी मारून, आत कापूस भरून संग्रहालयात ठेवत. पायाला चिठ्ठी बांधायची : कुठे मिळाला, केव्हा, कुणाला. रानपिंगळ्याचे असे नमुने जगभरात मिळून जेमतेम सात. म्हणजे सात नोंदी.

आता आपण या सात नोंदींना चाळणी लावू. समजा, तुम्हाला हा पक्षी शोधायला जायचंय. तुम्ही म्हणाल, जुनंपानं कशाला, १९०० नंतरचं तेवढं दाखवा. चाळणीत एकच नोंद उरते : १९१४, गुजरातेत तापीकाठचं मांडवी, नमुना आणणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहॅगन. झालं, चला मांडवीला!

आणि इथेच गंमत आहे. ती एकच नोंद खोटी होती.

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेला या साहेबांच्या संग्रहाचा संशय आला. तिने तो पक्षी बारकाईने तपासला. कापूस कसा भरलाय, शिवण कशी घातलीय? ही हातोटी तर जेम्स डेव्हिडसन यांची! डेव्हिडसन १८८० च्या सुमारास खानदेशात सरकारी अधिकारी होते आणि तिथेच त्यांनी रानपिंगळे मिळवले होते. त्यांचाच एक नमुना संग्रहालयातून लांबवून, त्याची शिवण उसवून पुन्हा भरून, वर नवी चिठ्ठी लावली होती; तरी जुन्या हाताच्या खुणा उरल्याच होत्या. चोर तो चोर, वर चिठ्ठीबहाद्दर!

ती नोंद बाजूला काढल्यावर शेवटची खरी नोंद उरली १८८४ ची. ठिकाणं उरली दोनच भागांतली : पूर्वेकडे छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूची आणि पश्चिमेला खानदेश. १९९७ मध्ये रासमुसेन आणि तिचे दोन सोबती आधी पूर्वेकडे फिरले. काही नाही. मग ते खानदेशात, शहाद्याजवळच्या जंगलात आले. २५ नोव्हेंबरची सकाळ, आणि एका निष्पर्ण झाडावर, चक्क समोर, रानपिंगळा!

तेव्हा नोंदी सातच होत्या. आज 'जीबिफ' नावाच्या जागतिक माहितीसाठ्यात जीवसृष्टीच्या अब्जावधी नोंदी आहेत आणि त्या कुणालाही फुकट पाहता येतात. प्राण्याचं नाव, देश, वर्ष, महिना अशा चाळण्या एकीवर एक लावायच्या. 'फक्त संग्रहालयातले नमुने' किंवा 'फक्त कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेले' असंही निवडता येतं. रानपिंगळ्याचं शास्त्रीय नाव मध्ये बदललं होतं; म्हणून अशा साठ्यात जुनं आणि नवं नाव एकमेकांशी जोडून ठेवावं लागतं, नाहीतर अर्ध्या नोंदी हरवल्याच म्हणून समजा.

चुका मात्र इथेही असतात, आणि काही फार मजेदार. मुंबईच्या चिमणीचे अक्षांश-रेखांश साधारण १९ आणि ७३. कुणी घाईत उलटे लिहिले, तर नकाशावर चिमणी पोचते नॉर्वेच्या उत्तरेला, गारठलेल्या समुद्रात! आकडे न भरता शून्य-शून्य राहिलं, तर ती आफ्रिकेजवळ पाण्यात. अशा नोंदींवर संगणक शंकेची खूण करतो. पण शहाणपणाने लिहिलेलं खोटं? मांडवीच्या चिठ्ठीत एकही आकडा वेडावाकडा नव्हता. खानदेशातून वाहणाऱ्या तापीचाच तर काठ तो. संगणकाने ती चिठ्ठी मुकाट्याने पास केली असती. तिथे कापूस बघणारं माणूसच लागतं.

शहाद्यानंतर मेळघाटातून नोंदी आल्या. आणि २०१४ मध्ये हा पठ्ठ्या दिसला कुठे, तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलात! 'फक्त खानदेश' अशी चाळणी लावून बसलेल्याला ही नोंद कधी दिसलीच नसती.