वर्षावासाची पूर्वसिद्धता : थायलंडमधील अल्पकालीन प्रव्रज्या आणि अष्टपरिष्कार

आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी थायलंडमधील विहारांत वर्षावासास आरंभ होतो आणि आश्विन पौर्णिमेस तो संपतो. या तीन महिन्यांत भिक्षूने एकाच ठिकाणी वास करावा, असा विनयाचा दंडक आहे. केवळ या काळापुरती प्रव्रज्या घ्यावी आणि नंतर पुन्हा गृहस्थजीवनात परतावे, ही त्या देशातील तरुणांची जुनी रूढी होय. सरकारी सेवकासही त्यासाठी १२० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. जाणाऱ्याने बरोबर काय न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता सामानसुमानाचा वाटतो. विनयपिटकाने मात्र त्याला उपसंपदेच्या विधीतच स्थान दिले आहे. त्यामागील हेतू काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम वर्षावासाचे कारण पाहू. महावग्गातील कथेप्रमाणे, शाक्यपुत्रीय श्रमण पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे गवत तुडवितात आणि बारीकसारीक जीवांची हिंसा करतात, अशी लोकांची तक्रार होती. पक्षीदेखील पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, मग यांनीच का फिरावे, असे लोक म्हणू लागले. तेव्हा वर्षावासाचा नियम झाला. पुढे उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, छत्रीखाली किंवा रांजणात वर्षावास करू नये, असेही सांगावे लागले. म्हणजे पूर्वसिद्धतेतील पहिली बाब म्हणजे डोक्यावरील छप्पर. ते अगोदर निश्चित झाल्यावाचून बाकीच्या वस्तूंचा विचार व्यर्थ होय.

या वस्तू आठ आहेत : संघाटी, उत्तरासंग व अंतरवासक ही तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंध, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे गाळणे. यांनाच अष्टपरिष्कार म्हणतात. यांतील प्रत्येक वस्तूमागे विशिष्ट गरज आहे. गाळणे पाण्यातील सूक्ष्म जीव वाचविण्यासाठी, तर सुई फाटलेले वस्त्र टाकून न देता सांधण्यासाठी. पात्राविषयीचा नियम तर विशेष बोलका आहे. ज्या पात्रास पाचांहून कमी सांधे पडले आहेत, ते असताना भिक्षूने नवे पात्र मागणे हा दोष मानला जातो. अतिरिक्त पात्र दहा दिवसांपलीकडे जवळ ठेवता येत नाही. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे सात दिवसांपर्यंतच बाळगता येतात. संग्रह नेमका कोठे सुरू होतो, हे या नियमांनी दिवसांच्या आणि सांध्यांच्या हिशेबात ठरवून दिले आहे.

वर्षाकाळासाठी या आठांत आणखी एका वस्त्राची भर पडते. विशाखा उपासिकेने भोजनाचे निमंत्रण देण्यासाठी दासीस विहारात पाठविले, तेव्हा भिक्षू वस्त्रे उतरवून पावसात स्नान करीत होते. दासीला ते नग्न आजीवकच वाटले आणि विहारात भिक्षू नाहीत, असे तिने परत येऊन सांगितले. यावरून विशाखेने बुद्धाकडे जे आठ वर मागितले, त्यांत भिक्षूंना वर्षास्नानाचे वस्त्र देण्याची अनुज्ञा हा एक होता. थायलंडमधील उपासक आजही वर्षावासाच्या प्रारंभी हे वस्त्र विहारात अर्पण करतात. ज्या हवेत धुतलेले चीवर लवकर वाळत नाही, तेथे या दानाचे व्यावहारिक मूल्य उघडच आहे.

प्रव्रज्येच्छू तरुणास तेथे ‘नाक’, म्हणजे नाग म्हणतात. मनुष्यरूप घेऊन संघात शिरलेल्या नागाच्या विनयकथेशी या नावाचा संबंध आहे, आणि ‘तू मनुष्य आहेस ना’ हा प्रश्न उपसंपदेच्या वेळी अद्यापि विचारला जातो. त्याच प्रश्नमालिकेत तू ऋणमुक्त आहेस ना, मातापित्यांची अनुज्ञा आहे ना, आणि पात्रचीवर परिपूर्ण आहे ना, असेही प्रश्न येतात. ‘नाका’ची खरी तयारी यांवरून ध्यानात येते. तो पालीतील याचनावाक्ये पाठ करतो, वडीलधाऱ्यांची क्षमा मागतो, केशवपन करवून घेतो आणि शुभ्र वस्त्र नेसून उपोसथागारास तीन प्रदक्षिणा घालतो. पात्रचीवर मात्र बहुधा आईबाप व आप्तेष्टच जमवितात. जाणारा स्वतः जवळजवळ काहीच बांधून घेत नाही.

मग पात्र दुसऱ्याकडून उसने आणले तर? महावग्गात याचेही उत्तर आहे. उसन्या पात्रावर उपसंपदा दिली, विधी आटोपताच मालकाने पात्र परत नेले आणि नवा भिक्षू ओंजळीत भिक्षा घेत फिरू लागला, असे घडल्यावर ही प्रथा निषिद्ध ठरली. दान आणि उसनवारी यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. दिलेल्या वस्तूने देणारा आणि घेणारा तीन महिने एकमेकांशी बांधले जातात. उसन्या वस्तूने केवळ विधी उरकला जातो.

आजच्या थायलंडमध्ये या व्यवस्थेसमोर नवी अडचण उभी आहे, ती अभावाची नसून विपुलतेची आहे. बँकॉकमधील बान बात या वस्तीत पोलादाचे आठ तुकडे जोडून, हातोडीने ठोकून भिक्षापात्रे घडवीत. काही कुटुंबे अद्यापि घडवितात. परंतु कारखान्यातील स्वस्त पात्रांनी हा व्यवसाय आकुंचित केला आहे. वात सुथातजवळील बामरुंग म्युआंग मार्गावरील दुकानांतून चीवरांपासून साबणापर्यंत सारे साहित्य मिळते, आणि पिवळ्या बादलीत भरलेले तयार दानसंचही विकले जातात. अशा संचात घेणाऱ्यास काय हवे याचा विचार होतोच असे नाही. एकच वस्तू विहारात दहा ठिकाणांहून येते आणि उपयोगाची वस्तू येतच नाही.

वास्तविक आजच्या गरजा सांगणे कठीण नाही. मच्छरदाणी, चटई, छत्री, विजेरी आणि नित्याची औषधे एवढ्या वस्तू बहुतेकांस पुरतात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो; म्हणून केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून चालत नाही. मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य असल्याने, ज्यास अन्नासह औषध घ्यावयाचे असेल त्याने वेळेचा प्रश्न वैद्यास आणि विहाराच्या प्रमुखास अगोदरच विचारावा. तयार संचात ही विचारपूस येत नाही. ती कोणीतरी करावी लागते.

अशी विचारपूस आपल्याकडे एके काळी किती काटेकोरपणे होत असे, याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने आपल्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंसाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीत २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. प्रत्येक भिक्षूस चीवरासाठी १२. दात्याने प्रथम भिक्षूंची संख्या ठरविली, मग प्रत्येकाची गरज, आणि त्यावरून ठेवीची रक्कम. महाराष्ट्रात आज भरणाऱ्या श्रामणेर शिबिरांच्या आयोजकांसही हाच क्रम मार्गदर्शक ठरावा. जाणाऱ्याने काय न्यावे याचे उत्तर विनयाने आठ वस्तूंत दिले आहे; त्या कोणी व कशा द्याव्यात, याचे उत्तर नाशिकच्या भिंतीवर आहे.