स्वयंपूर्णतेचे मोजमाप : औसा तालुक्याच्या निमित्ताने

२०२० च्या टाळेबंदीत शहरांतून हजारो कुटुंबे पायी आपापल्या गावी परतली. तेव्हापासून आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या बोलण्यात एक विचार वारंवार येतो : गावी चार गुंठे जागा घ्यावी, घर बांधावे, संकट आले तरी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. विचार स्तुत्य आहे. परंतु एखादा प्रदेश अशा जीवनास योग्य आहे की नाही, हे कसे पारखावे? लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याचे उदाहरण घेऊन पाणी, अन्न, घर आणि माणसे या चार कसोट्यांवर त्याचा विचार करू.

पहिली कसोटी पाण्याची. येथे वर्षाकाठी सरासरी ७०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, पण तो पावसाळ्याच्या चार महिन्यांतच. खाली काळा बसाल्ट खडक. तो पाणी फारसे धरून ठेवत नाही. विहिरीला पाणी मिळते ते वरच्या झिजलेल्या थरातून व खडकाच्या भेगांतून. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर शेजारच्या लातूर शहराला सुमारे ३४० कि.मी. अंतरावरील मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी पाणवठ्यांवर गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीही लागू झाली होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मात्र मांजरा धरण भरले. तेव्हा प्रश्न केवळ पावसाचा नाही, तो साठवणुकीचा आणि वापराचाही आहे. ज्या उसाला हंगामभरात सुमारे दोन हजार मि.मी. पाणी लागते, त्याला या भागात पाणी द्यायचे तर ते कोणाच्या तरी घागरीतूनच जाते.

दुसरी कसोटी अन्नाची. येथील काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यानंतर पेरलेली रब्बी ज्वारी सिंचनाविना येऊ शकते. पाच माणसांच्या कुटुंबास दरडोई रोज ४०० ग्रॅम धान्य धरले, तर वर्षाला सुमारे साडेसात क्विंटल लागते. कोरडवाहू ज्वारीचे उत्पन्न एकरी तीन ते चार क्विंटल धरल्यास दोन ते अडीच एकरांत घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा निघतो. सोबत तूर, हरभरा, करडई असली की डाळ व तेलही घरचेच. आज मात्र या भागातील शिवारांवर सोयाबीनचे राज्य आहे. सोयाबीन रोख पैसा देते, पण ते कणगीत भरून वर्षभर खाता येत नाही. बाजार बंद पडला की ज्वारीवाल्या घरात चूल पेटते, सोयाबीनवाल्या घरात पोती पडून राहतात.

तिसरी कसोटी घराची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. शासकीय नोंदीप्रमाणे सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेनंतर तो तिसऱ्या विभागात आला. माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते. उपाय अवघड नव्हता : भिंतीच्या आरपार जाणारे दगड, चारही भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छत. म्हणून जुने घर विकत घेणाऱ्याने आधी भिंत पाहावी, मग अंगण.

चौथी कसोटी माणसांची, आणि येथेच सगळे गणित फिरते. भूकंपानंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले : भूमिहीन व अत्यल्पभूधारकांना २५० चौ. फूट, तर मोठ्या जमीनधारकांना ७५० चौ. फूट. आता एक हिशेब करू. छतावर पडणाऱ्या ७०० मि.मी. पावसापैकी ८० टक्के पाणी साठवता आले, तर २५० चौ. फुटांच्या छतावरून सुमारे १३ हजार लिटर मिळते, ७५० चौ. फुटांच्या छतावरून सुमारे ३९ हजार. पिण्यास व स्वयंपाकास माणशी २० लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला आठ कोरड्या महिन्यांसाठी २४ हजार लिटर लागते. म्हणजे मोठे घर वर्ष निभावून नेते आणि लहान घर चौथ्या महिन्यानंतर दुसऱ्याच्या दारात उभे राहते. पाऊस निम्म्यावर आला, तर दोनच महिन्यांत. ज्याला जमीन नाही, त्याच्या ज्वारीचा तर हिशेबच मांडता येत नाही; ती कुटुंबे ऊसतोडीला जातात किंवा शहराची वाट धरतात.

मग औसा तालुका योग्य की अयोग्य? माती योग्य आहे. पाऊस साठवला तर पुरेसा आहे. भूकंपाचा धोका बांधकामाने कमी करता येतो. परंतु एकट्या कुटुंबाची स्वयंपूर्णता येथे फार काळ टिकणार नाही. पाच हजार चौ. फुटांचे एक सार्वजनिक छत, मग ते शाळेचे असो वा समाजमंदिराचे, वर्षाला सुमारे २ लाख ६० हजार लिटर पाणी देऊ शकते. लहान घरांची तूट प्रत्येकी ११ हजार लिटरची. म्हणजे वीसहून अधिक घरे त्यावर तरतात. अट एकच : टाकीची चावी आणि नळाची पाळी ठरवण्यात त्या घरांचाही हात असावा. पाणवठा सर्वांचा आहे, हे १९२७ साली महाडला सांगावे लागले होते. टंचाईच्या दिवसांत ते पुन्हा सांगावे लागू नये.

म्हणून आपापल्या तालुक्याचे असे मोजमाप करणाऱ्यांना एकच विनंती. पाण्याची पातळी, धान्याचा साठा, भिंतींची मजबुती हे सारे मोजावे. पण मोजणीची सुरुवात गावातील सर्वांत लहान छतापासून करावी. ते घर जितके दिवस तग धरील, तितकेच दिवस ते गाव स्वयंपूर्ण आहे.