टाक्याची तालीम

धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर कुऱ्हाड निसटून पायावर बसली, की जखमी माणसाला आधी झोळीतून रस्त्यापर्यंत आणि मग जीपने सरकारी दवाखान्यात आणतात. तिथे जखमेला पहिला हात लावणारा डॉक्टर अनेकदा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला असतो. मोठ्या शहरात टाका चुकला तर वरिष्ठ शेजारीच उभे असतात. सातपुड्यात ते घाट उतरून नंदुरबारला असतात. म्हणून शल्यचिकित्सेची बाराखडी या जिल्ह्यात अधिक पक्की हवी.

ती जिल्ह्यातच गिरवायची सोय 2020 साली झाली. नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्या वर्षी 100 जागांनी सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी देशभर एमबीबीएसचा नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला होता. त्यात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची आहे. साधे टाके, जखमेची निगा, पट्टी बांधणे, वरवरचे गळू कापून निचरा करणे ही कामे प्रत्येकाने स्वतंत्रपणे करून दाखवायची असतात.

सुरुवात हत्यार धरण्यापासून होते. नीडल होल्डरच्या कड्यांत अंगठा आणि अनामिका, तर्जनी दांड्यावर. सुई टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर पकडायची, कातडीत काटकोनात शिरवायची आणि तिच्या वळणाप्रमाणे मनगट फिरवून बाहेर काढायची. नवखा सुई पुढे ढकलतो. मग ती वाकते आणि कातडी फाटते. गाठ सपाट बसली पाहिजे. दोन्ही फेरे एकाच दिशेने घेतले तर ती सरकते. फार आवळली तर जखमेच्या कडांचा रक्तपुरवठा तुटतो, कारण पुढच्या दोन दिवसांत तिथे सूज येणारच असते.

हे शिकवण्याची एक सोपी रीत रॉडनी पेटन यांनी 1998 साली मांडली. शिक्षक आधी नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग प्रत्येक पायरी समजावत सावकाश करतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः सांगत करतो. चूक असेल तर ती तिसऱ्या पायरीवरच, सुई हातात येण्याआधी, उघडी पडते.

सरावाला रुग्ण लागत नाही, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच तालमीचा आहे: छेद घ्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड, वेध घ्यायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ, टाके घालायला जाड कापड आणि मऊ कातडे, पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. आज त्या कापडाच्या जागी फोम किंवा रेक्झिन चालते.

स्वस्त साहित्याचा धाक बाळगायचे कारण या परिसराला तर मुळीच नाही. रेल्वेमार्गावरच्या शेजारच्या दोंडाईच्यात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले आणि अनेक केंद्रांतले निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध केले. पुढे युगांडातल्या चाचणीत अशी स्वस्त जाळी व्यावसायिक जाळीच्या तोडीची ठरली. तो निकाल 2016 साली जाहीर झाला.

मात्र हात बसला की प्रत्येक जखम शिवण्याचा मोह होतो. कित्येक तासांनी, मातीने माखून आलेली जखम आधी भरपूर धुवायची, मेलेला भाग काढायचा, स्नायुबंध आणि नसा शाबूत आहेत का ते तपासायचे, धनुर्वाताची लस द्यायची आणि जखम उघडीच ठेवून चार-पाच दिवसांनी शिवायची. हा निर्णय फोमवर शिकता येत नाही. त्यासाठी वरिष्ठासोबत ड्रेसिंगच्या खोलीत उभे राहावे लागते. कौशल्य प्रयोगशाळेतले पुतळे किती किमतीचे आहेत हे विचारण्याआधी तिथे आणि ड्रेसिंगच्या टेबलाशी शिक्षक आठवड्याला किती तास देतात, हे विचारायला हवे.